हवामानबदल आणि येऊर, पारसिक, खारघरच्या जंगलातली माती

पानगळ (ठाणे), धागाकर्ती

जंगलाला कोणी खत घालत नाही. ठाण्यातल्या येऊरच्या उतारावरचे साग, ऐन, किंजळ, धावडा आणि कुडा वर्षानुवर्षे जे नत्र, स्फुरद, पालाश आणि कॅल्शियम वापरतात, त्यातले बहुतेक त्यांच्याच पाचोळ्यातून, मेलेल्या मुळ्यांतून आणि पडलेल्या लाकडातून परत मिळालेले असते. पान गळण्यापूर्वी झाड त्यातले साधारण निम्मे नत्र आणि स्फुरद स्वतःकडे ओढून घेते. उरलेले जमिनीवर पडते, वाळवी, गांडुळे, बुरशी आणि जिवाणू ते कुजवतात आणि पावसाळ्यात मुळ्या ते पुन्हा उचलतात. या फेऱ्यात दरवर्षी थोडी गळती होते, तर खडकाच्या झिजेतून, पावसाच्या पाण्यातून आणि हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंकडून थोडी भर पडते. गळती आणि भर यांचा मेळ बसलेला असतो, म्हणूनच बेसाल्टवरच्या उथळ, मुरमाड मातीवर एवढे जंगल उभे राहू शकते.

हवामानबदलाने हा मेळ कसा बिघडतो, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढते आहे. या विषयावरचे बरेचसे लेखन थंड प्रदेशांतल्या जंगलांवर, तिथल्या बर्फावर आणि गोठलेल्या जमिनीवर असते. ते महत्त्वाचे आहेच, परंतु आपल्या पानझडी जंगलांचा प्रश्न निराळा आहे. आपल्याकडे कुजण्याची क्रिया वर्षातले सहा-सात महिने जवळजवळ थांबलेली असते, आणि ती थंडीमुळे नव्हे तर कोरडेपणामुळे. म्हणून माझे म्हणणे असे आहे की सरासरी तापमान किती वाढले यापेक्षा पावसाचे वेळापत्रक किती विस्कटले, याचा आपल्या जंगलाच्या मातीवर होणारा परिणाम मोठा आहे.

त्याचे कारण असे. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ साली दाखवून दिले की कोरडी पडलेली माती पुन्हा भिजली की काही तासांतच तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा मोठा झोत बाहेर पडतो आणि त्याच वेळी नत्रही झपाट्याने मोकळे होते. कोरड्या काळात मेलेले सूक्ष्मजीव, जिवंत राहिलेल्यांनी पेशींत साठवून ठेवलेली आणि पाणी मिळताच बाहेर टाकलेली द्रव्ये, तसेच मातीचे कण फुटल्यामुळे उघडे पडलेले सेंद्रिय पदार्थ, हे सगळे एकदम खाद्य म्हणून उपलब्ध होते. मृगाचा पाऊस पडून पुढे तो टिकला, तर हे मोकळे झालेले नत्र नव्याने फुटलेल्या बारीक मुळ्यांना मिळते. परंतु पावसाची मोठी सर आधी आली, नंतर पावसाने पंधरा दिवस ओढ दिली आणि मग एकदम मुसळधार कोसळला, तर मोकळे झालेले नत्र नायट्रेटच्या रूपात मातीत पडून राहते आणि पुढच्या जोरदार पावसात वाहून जाते. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि आपल्या मातीच्या कणांवरही मुख्यतः ऋण भारच असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही.

२०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोहोचला. त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. लवकर आलेल्या त्या पावसानंतर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बरीच उघडीप होती. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे, पण कोरडे-ओले-कोरडे-ओले अशी जी साखळी वर सांगितली, ती आपल्या डोंगरांवर कशी घडते याचे ते चांगले उदाहरण आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. एकूण पाऊस तेवढाच राहूनही तो थोड्या दिवसांत कोसळला, तर मातीच्या दृष्टीने ते पूर्णपणे वेगळे हवामान ठरते.

जाणकारांनी आपले म्हणणे मांडावे, आणि शक्य असेल तिथे कारणांसह मांडावे, ही विनंती.

घणसोलीकर

विषय चांगला आहे आणि मांडणीही स्पष्ट आहे. माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की उष्णतेने पाचोळा लवकर कुजत असेल, तर झाडांना अन्न लवकर मिळेल, मग त्यात नुकसान कोणते? दुसरी अशी की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने झाडे जोमाने वाढतात असे आपण वाचतो. त्या जास्तीच्या वाढीतून जास्तीचा पाचोळा पडेल आणि मातीची हानी आपोआप भरून निघेल, असे का मानू नये?

मृदाशिक्षक (कळवा)

मी मृदाशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, म्हणून घणसोलीकरांच्या दोन्ही शंकांना सविस्तर उत्तर देतो. त्या अगदी रास्त आहेत आणि शास्त्रज्ञांनीही नेमक्या याच शंका घेऊन मोठमोठे प्रयोग केले आहेत.

आधी आकार लक्षात घ्या. जगातल्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १५०० अब्ज टन कार्बन साठलेला आहे. वातावरणात आज जेवढा कार्बन आहे त्याच्या दीडपटीहून हा साठा मोठा आहे, आणि सगळ्या वनस्पतींमधला कार्बन मिळवला तरी तो याच्यापुढे लहान पडतो. त्यामुळे मातीचा श्वास थोडासा जरी वाढला, तरी हवेवर होणारा परिणाम मोठा असतो.

आता पहिली शंका. सूक्ष्मजीवांची क्रिया तापमानाबरोबर वाढते. ओलावा पुरेसा असेल तर दर १० अंशांना ती ढोबळमानाने दुप्पट होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून जमिनीत विजेने तापणाऱ्या तारा पुरून मातीचे तापमान आसपासच्या मातीपेक्षा ५ अंश सेल्सिअसने जास्त ठेवण्यात आले. सुरुवातीची काही वर्षे कार्बन वेगाने बाहेर पडला, मग तो वेग मंदावला, पुढे पुन्हा वाढला, पुन्हा मंदावला. सोपे खाद्य संपल्यावर सूक्ष्मजीवांचा समुदायच बदलला आणि त्याने पूर्वी दुर्लक्षित राहिलेल्या चिवट पदार्थांवर ताव मारायला सुरुवात केली, असा त्याचा अर्थ लावला जातो. या प्रयोगात घणसोलीकर म्हणतात तो फायदाही दिसला. कुजण्याबरोबर नत्र मोकळे झाले आणि नत्राची उणीव असलेल्या तिथल्या झाडांची वाढ काही काळ सुधारली. म्हणजे लाभ खरा आहे, पण तो साठ्यातून काढून दिलेला लाभ आहे. साठा तेवढ्या वेगाने भरत नाही.

आपल्याला जवळचा प्रयोग पनामातल्या बारो कोलोराडो बेटावरचा आहे. तिथल्या उष्णकटिबंधीय जंगलाची माती ४ अंशांनी तापवली, तेव्हा दोन वर्षांत तिच्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ५५ टक्क्यांनी वाढला. हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. उष्ण प्रदेशातली माती आधीच उष्णतेला सरावलेली असते, म्हणून तिच्यात फारसा फरक पडणार नाही, ही समजूत त्याने खोटी ठरवली.

दुसरी शंका. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवून जंगलाची वाढ मोजण्याचे प्रयोग उघड्या जंगलात, झाडांभोवती मनोरे उभारून झाले आहेत. टेनेसीतल्या ओक रिज येथे सुरुवातीला वाढ चांगली झाली, पण काही वर्षांत ती ओसरली, कारण उपलब्ध नत्र कमी पडू लागले. सिडनीजवळच्या प्रौढ निलगिरीच्या जंगलात तर झाडांनी जास्तीचा कार्बन शोषला, पण खोडांची वाढ वाढलीच नाही. त्यातला मोठा भाग मातीच्या श्वसनातून पुन्हा हवेत गेला. तिथली अडचण स्फुरदाची होती. पुढे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की मातीतले सूक्ष्मजीव स्फुरद स्वतःच धरून ठेवतात आणि झाडांच्या वाट्याला फार थोडे येते.

स्फुरदाचा मुद्दा आपल्याला थेट लागू पडतो. बेसाल्टमधून तयार झालेल्या लालसर-तपकिरी मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात आणि ती स्फुरदाला घट्ट पकडतात. साग, ऐन यांसारखी आपली झाडे मुळ्यांत राहणाऱ्या बुरशीच्या मदतीने तो मिळवतात. या बुरशीचे बारीक धागे जिथे मूळ पोहोचत नाही तिथवर जातात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. दीर्घ कोरड्या काळात झाडाने साखर देणे कमी केले की हा व्यवहार मंदावतो. नत्र हवेतून बांधता येते, स्फुरद मात्र खडकातूनच यावे लागते आणि एकदा मातीच्या कणांबरोबर नाल्यात गेले की ते डोंगराला परत मिळत नाही. म्हणून आपल्याकडे धूप हाच अन्नद्रव्यांच्या चक्रातला सर्वांत मोठा खर्च आहे, असे माझे ठाम मत आहे.

पाड्यावरचा मास्तर (येऊर)

नमस्कार. मी येऊरच्याच एका पाड्यावर वाढलो आणि आता शाळेत शिकवतो. सरांनी धुपीबद्दल जे लिहिले आहे ते आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याशी जुळते. पूर्वी पाऊस रिमझिम सुरू व्हायचा, पाचोळा जागेवरच भिजून जमिनीला चिकटायचा आणि नागपंचमीपर्यंत काळा पडून मातीत मिसळायचा, असे ते सांगतात. आता पहिल्याच मोठ्या पावसात पाचोळ्याचे थर ओहोळातून खाली जाऊन मोऱ्यांपाशी अडकतात. ही आठवण आहे, मोजमाप नव्हे, हे मी जाणतो. पण ओहोळाचे पाणी पावसाळ्याच्या सुरुवातीला किती लाल होते, हे कोणीही येऊन पाहू शकतो.

दोन गोष्टींची भर घालतो. पहिली राबाची. भाताच्या रोपांसाठी आमच्याकडे शेण, पाचोळा, गवत आणि ऐनाचे टहाळे यांचे थर रचून त्यावर माती टाकून उन्हाळ्यात राब भाजत. त्याने तण मरे, जमीन मोकळी होई आणि राखेतून पालाश व स्फुरद रोपांना मिळे. जंगलातली अन्नद्रव्ये शेतात आणण्याची ती पद्धत होती आणि ठाणे जिल्ह्यात तिच्यावरून इंग्रजांच्या काळापासून वाद झालेले आहेत. आम्हा लोकांवर जंगल ओरबाडल्याचा ठपका ठेवला गेला. परंतु टहाळे तोडताना झाड जिवंत ठेवले जात असे आणि पुढच्या वर्षी तोच भाग सोडून दुसरीकडे जात. आज शेती राहिली नाही, राबही जवळपास गेला, तरी पाचोळा जंगलात राहत नाही, कारण तो वणव्यात जातो.

दुसरी गोष्ट कारवीची. आमच्या डोंगरावरची कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी ती फुलली. फुलून बी धरले की झाड वाळून मरते आणि उतारच्या उतार वाळलेल्या काठ्यांनी भरून जातात. आठ वर्षे खोडापानांत साठलेले सगळे अन्न एकदम जमिनीला परत मिळण्याची ही वेळ असते आणि त्याच मातीत नवी कारवी उगवते. पूर्वी त्यातल्या काठ्या आम्ही कुडाच्या भिंतींसाठी आणत असू. आता त्या तशाच उभ्या वाळतात, आणि उन्हाळा लांबला व कडक झाला तर तेच वणव्याचे मोठे सरपण ठरते. पानगळताई, तुमच्या वेळापत्रकाच्या मुद्द्यात आठ वर्षांच्या या वेळापत्रकाचाही विचार व्हायला हवा असे मला वाटते.

पानगळ (ठाणे)

मास्तर, हा मुद्दा माझ्या लक्षातच आणून दिलात याबद्दल मनापासून आभार. वाळलेली काठी जागेवर कुजली तर तिच्यातले नत्र सावकाश, दोन-तीन पावसाळ्यांत मोकळे होईल आणि कोवळ्या रोपांच्या वाढीशी त्याचा मेळ बसेल. ती जळली तर काय होईल, हे सरांनी सांगावे.

खारघर टेकडी

आमचा गट दर पावसाळ्यात खारघरच्या टेकडीवर झाडे लावतो. उन्हाळ्यात गवत पेटते आणि लावलेल्या रोपांपैकी बरीच जातात. वणवे बहुतेक वेळा माणसाच्या हातूनच लागतात, पण मार्च-एप्रिलमधली उष्णता आणि कोरडा वारा यांमुळे ते पूर्वीपेक्षा लवकर पसरतात असा आमचा अनुभव आहे. वन खात्याने काढलेल्या जाळपट्ट्यांचा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांचा, उपयोग होतो, पण सगळीकडे त्या नसतात.

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. नवी मुंबईतल्या अनेक सोसायट्यांत ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट तयार होते आणि ते घेणारे कोणी नसते. जंगलाची माती अन्नद्रव्ये गमावत असेल, तर हे कंपोस्ट टेकडीवर नेऊन टाकावे का? आमच्यातल्या काहींचा तसा आग्रह आहे.

मृदाशिक्षक (कळवा)

आधी वणव्याचे. सेंद्रिय पदार्थ सुमारे २०० अंशांपुढे तापला की त्यातले नत्र वायुरूपात निसटू लागते. स्फुरद उडून जायला त्याहून कितीतरी जास्त, सुमारे ७७० अंश तापमान लागते. आपल्याकडचा वणवा जमिनीलगतचा असतो, त्यामुळे नत्राचा मोठा भाग हवेत जातो आणि स्फुरद, पालाश, कॅल्शियम राखेत राहतात. राखेमुळे आम्लता कमी होते आणि पहिल्या पावसानंतर गवत हिरवेगार येते. ते पाहून वणवा जंगलाला मानवतो असा समज होतो. परंतु ही राख सैल, हलकी आणि उतारावर उघडी पडलेली असते. पाऊस हलका असेल तर ती मुरते, तासाभरात मोठा पाऊस झाला तर ती मातीसकट निघून जाते. राबाच्या खाचरात राख बांधाच्या आत राहते, डोंगरावर बांध नसतो. मास्तरांनी दिलेल्या उदाहरणातला खरा फरक इथे आहे, आणि म्हणून राबावर ठेवलेला ठपका वणव्याला लावता येत नाही.

आणखी एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. पाचोळ्याचे आच्छादन गेले आणि जमीन काळी पडली की मे महिन्यातल्या उन्हात मातीचा वरचा थर सावलीतल्या मातीपेक्षा कितीतरी अंशांनी जास्त तापतो. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. उघड्या पडलेल्या जमिनीवर मातीला सोसावी लागणारी वाढ याच्या अनेक पटींनी असते. त्यामुळे झाडांचे छत आणि पाचोळा टिकवणे हा हवामानबदलाच्या झळीपासून मातीला वाचवण्याचा सर्वांत मोठा उपाय आहे.

आता कंपोस्टबद्दल. नैसर्गिक जंगलात ते टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शहरी कंपोस्टमध्ये तणांचे बी, प्लास्टिकचे तुकडे आणि कधी जड धातू असतात. शिवाय भरपूर नत्र एकदम दिले की रानमोडीसारखी तणे झपाट्याने वाढतात, मंद वाढणारी देशी झुडपे मागे पडतात आणि मुळ्यांतल्या बुरशीशी असलेले झाडांचे नातेही सैल होते. नवीन रोपाच्या खड्ड्यात ओंजळभर चांगले कुजलेले, चाळलेले कंपोस्ट देणे वेगळे, आणि उतारावर पसरणे वेगळे. उरलेले कंपोस्ट सोसायटीच्या बागेत आणि रस्त्याकडेच्या झाडांना द्यावे, तिथल्या मातीला त्याची जास्त गरज आहे.

रोपांची निवड करताना हवेतला नत्र बांधणारी देशी झाडे मिश्रणात ठेवावीत. करंज, पळस आणि खैर यांच्या मुळ्यांवर त्या जिवाणूंच्या गाठी येतात. शेंगा धरणारे प्रत्येक झाड नत्र बांधतेच असे नाही. बहावा आणि आपटा यांच्या मुळ्यांवर तशा गाठी येत नाहीत. गिरिपुष्प नत्र बांधते, त्याचा पाला लवकर कुजतो आणि ते पटकन वाढते, म्हणून ते डोंगराडोंगरांवर लावले गेले. पण त्याच्या दाट लागवडीखाली दुसरे काही सहज येत नाही. एकाच प्रकारचा पाला पडत असेल तर कुजण्याचा वेगही एकच राहतो. करंजाचा पाला लवकर कुजून नत्र लगेच देतो, सागाचे जाड पान सावकाश कुजून पुढच्या महिन्यांसाठी पुरवठा राखते. अनियमित पावसात असे मिश्रण हीच मातीची खरी विमा-रक्कम आहे. शुद्ध सागाच्या लागवडीत मात्र एक धोका आहे. सागाच्या रुंद पानांवर पाणी साचून मोठाले थेंब खाली पडतात, आणि खाली झुडपे किंवा पाचोळा नसेल तर ते माती उखडतात.

घणसोलीकर

सरांच्या उत्तराने माझ्या दोन्ही शंका मिटल्या. आता तिसरी शंका घेतो, आणि ती विरोधासाठी नाही. पारसिकच्या डोंगरावर वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या, उतार कापून इमारती आणि रस्ते झाले, येऊरच्या पायथ्याशी वस्ती वाढली. माती वाहून जाण्याचे कारण हेच असताना सगळे हवामानबदलाच्या खात्यावर टाकल्याने खरे जबाबदार मोकळे सुटत नाहीत का?

पानगळ (ठाणे)

ही शंका घेणे आवश्यकच आहे. खाणीने किंवा उतार कापल्याने जाणारी माती ही हवामानाची हानी नव्हे, ती माणसाने थेट केलेली हानी आहे, आणि तिची जबाबदारी तशीच ठरली पाहिजे. हवामानबदलाचे काम इथे असे की आधीच उघड्या पडलेल्या उतारावर तो पावसाचा मारा वाढवतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा दिवशी दाट छताखालच्या उतारावरूनही माती जाते, पण कापलेल्या उतारावरून जाते त्याला प्रमाणच राहत नाही. म्हणून दोन कारणांपैकी एक निवडण्याची गरज नाही. उतार कापायला परवानगी देताना जुन्या पावसाचे आकडे धरून हिशेब केला जात असेल, तर तो हिशेब चुकीचा ठरणार, हे मात्र हवामानबदलामुळेच म्हणावे लागते.

तिवरकाठ (ऐरोली)

आतापर्यंत सगळी चर्चा डोंगरावर झाली. ही माती आणि हे नायट्रेट शेवटी खाडीत येते, म्हणून खालच्या जंगलाबद्दलही लिहावेसे वाटते. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तरीही तिवरांच्या खालच्या चिखलाला आपण माती समजत नाही.

या मातीतले चक्र डोंगरावरच्या चक्राच्या बरोबर उलट चालते. वरच्या काही मिलिमीटरखाली प्राणवायू नसतो, त्यामुळे कुजणे मंद असते आणि कार्बन दीर्घकाळ साठून राहतो. प्राणवायूऐवजी जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरतात. खाडीकाठी येणारा कुजक्या अंड्यांसारखा वास त्यातूनच तयार होणाऱ्या वायूचा असतो. डोंगरावर लोहाने घट्ट धरलेले स्फुरद इथे येऊन सुटते, कारण प्राणवायूविना लोहाचे रूप बदलते आणि त्याची पकड जाते. तिवराचे पान मऊ असते, ते लवकर कुजते आणि त्यातले बरेच खेकडे बिळात ओढून नेतात.

हवामानबदलाचे दोन ताण मला इथे दिसतात. जगभरात समुद्राची पातळी २००६ ते २०१८ या काळात दरवर्षी सरासरी ३.७ मिलिमीटरने वाढली. तिवरांची जमीन गाळ आणि मुळ्यांच्या वाढीने तेवढ्या वेगाने उंचावली तरच ती तगून राहते. म्हणजे डोंगराची धूप ही डोंगराची हानी असली, तरी त्यातला थोडा गाळ खाडीला लागतो. मात्र तो वर्षभर थोडा थोडा यावा; चार दिवसांत लोंढ्याने आला तर तिवरांची श्वसनमुळे गाडली जातात. दुसरा ताण नत्राचा. शहराच्या सांडपाण्यातून आधीच भरपूर नत्र खाडीत येते, त्यात डोंगरावरून आलेल्या नायट्रेटची भर पडते. प्राणवायू कमी असलेल्या चिखलात जिवाणू त्या नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. क्रिया पूर्ण झाली तर निरुपद्रवी नत्रवायू निघतो, अर्धवट राहिली तर नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो.

मृदाशिक्षक (कळवा)

तिवरकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून एवढेच लिहितो की हीच क्रिया डोंगरावरही घडते. अतिवृष्टीत मातीतली पोकळी पाण्याने भरली की दोन-तीन दिवसांसाठी तिथेही प्राणवायू संपतो. म्हणून पानगळ यांनी सांगितलेल्या वेळापत्रकात, ओढीच्या काळात नायट्रेट साठणे आणि नंतर मुसळधार पावसात माती पाण्याने भरणे या दोन गोष्टी लागोपाठ आल्या, तर नत्र खाली नाल्यातही जाते आणि वर हवेतही जाते.

खारघर टेकडी

कंपोस्टबाबतचे म्हणणे गटाला कळवले आणि आम्ही ते टेकडीवर पसरणार नाही. आता आम्हाला स्वतः काही मोजायचे आहे. प्रयोगशाळा नसताना कुजण्याचा वेग मोजता येईल का?

मृदाशिक्षक (कळवा)

येईल, आणि पद्धत जुनी व भरवशाची आहे. नायलॉनच्या जाळीच्या ओंजळीएवढ्या पिशव्या शिवा. निम्म्या पिशव्यांची जाळी साधारण एक मिलिमीटर छिद्रांची ठेवा, म्हणजे आत मुख्यतः बुरशी, जिवाणू आणि अगदी बारीक कीटकच जातील. उरलेल्यांची पाच मिलिमीटरची ठेवा, म्हणजे वाळवी आणि गांडुळेही पोहोचतील. दोहोंतल्या फरकावरून या प्राण्यांचा वाटा कळतो. पाने ताजी तोडू नका, नुकतीच गळलेली घ्या, कारण तोडलेल्या पानातले नत्र झाडाने परत घेतलेले नसते. ती चांगली वाळवून प्रत्येक पिशवीत १० ग्रॅम भरा. सागाच्या, करंजाच्या आणि मिश्र पानांच्या पिशव्या वेगळ्या करा आणि मे महिन्याच्या मध्यालाच पाचोळ्याखाली ठेवून खिळ्याने जमिनीला रोवा, म्हणजे वळवाचा पाऊस आधी आला तरी तो हिशेबात येईल. दर महिन्याला प्रत्येक प्रकारच्या काही पिशव्या काढून माती हलक्या हाताने धुवा, पाने वाळवा आणि वजन करा. जवळच एक साधे पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस लिहा, कारण महिन्याच्या बेरजेतून ओढ आणि अतिवृष्टी दिसत नाहीत.

मातीचा सेंद्रिय कर्ब, म्हणजे तिच्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन, हाही तपासून घ्या. शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिकेसाठी जी तपासणी करून मिळते, तीच शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळेत करून घेता येईल. नमुना घेताना वरचा पाचोळा बाजूला सारून १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्या आणि दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात घ्या. डोंगराच्या मातीत दगड बरेच असतात, त्यामुळे दगडांचे वजन वेगळे नोंदवल्याशिवाय कर्बाच्या टक्केवारीवरून साठा काढू नका. टेकडी वन खात्याकडे असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागेल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे येऊरलाही, ती अनिवार्य आहे.

पाड्यावरचा मास्तर (येऊर)

सर, आमच्या शाळेच्या आवारात ऐन आणि करंज दोन्ही आहेत आणि तिथला पाचोळा आम्ही जाळत नाही. पिशव्या मुलांकडून शिवून घेतो. आवारात ठेवायला कोणाची हरकत येणार नाही. खारघरच्या आणि आमच्या पिशव्या एकाच दिवशी ठेवल्या तर दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी मांडता येतील. तारीख ठरवून इथेच कळवा.

खारघर टेकडी

१५ मे ठेवू या. जाळीचे कापड आम्ही दोन्ही ठिकाणांसाठी एकाच दुकानातून घेतो, म्हणजे छिद्रांचा फरक राहणार नाही, आणि येऊरचा वाटा आणून देतो.